सूर्य तो की ती?

प्रश्न : आम्ही सहा वर्षं म्युनिकमध्ये आहोत. मुलगा चौथीत. जर्मनच्या प्रोबेत, म्हणजे वर्गातल्या चाचणीत, चार आल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. परवा विचारलं, "आई, मी ढ आहे का?" घरात मराठी बंद करून जर्मन सुरू करू का? शिकवणी लावू का?

उत्तर : ताई, आधी पोट. मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, आणि काही निघालं नाही तरी नाटक समजू नका. धास्तीनं दुखणारं पोटही खरंच दुखतं.

धास्ती कशाची, ते तुम्हाला ठाऊक आहे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यातल्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, आणि २.६६ पर्यंत रिआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. (इथे १ सगळ्यांत चांगला, हे गावाकडे दरवेळी नव्यानं समजावावं लागतं.) दहा वर्षांच्या पोराला दशांशात तोलणं मला पटत नाही. पण रिआलशुलेतून दहावीनंतर फाखओबरशुले, म्हणजे व्यवसायाकडे झुकणारी पुढची शाळा, आणि तिथून विद्यापीठापर्यंत जाता येतं, हे आधी तुम्ही दोघं नीट समजून घ्या. घरातली निम्मी धास्ती आपलीच असते.

प्रोबे सहीसाठी घरी येते. माझ्या लेकीची आली की मी आधी कोपऱ्यातला आकडा बघायचे, आणि ती माझ्या कपाळाकडे, आठी पडते का ते. एकदा तिनं कागद पुढे केला तो नेमका आकड्यावर अंगठा ठेवून. त्या दिवसापासून मी आधी तिची उत्तरं वाचायला लागले, मग सही, आकडा सगळ्यांत शेवटी.

तुम्हीही तो चारचा कागद घेऊन बसा. डेर-डी-डासच्या, म्हणजे जर्मनमधल्या तो-ती-तेच्या, चुका किती, ते दोघं मिळून मोजा. आपला सूर्य तो, त्यांचा सूर्य ती. आपलं टेबल ते, त्यांचं टेबल तो. एका डोक्यात दोन कप्पे सांभाळताना एखादी वस्तू चुकीच्या कप्प्यात जायचीच. हे त्याला असं दाखवलंत, की "ढ नाहीस रे" वेगळं सांगावं लागणार नाही.

म्हणून मराठी अजिबात बंद करू नका. तुमचं जर्मन माझ्यासारखं बेकरीपुरतं असेल तर पोराच्या कानावर तेच तोडकंमोडकं पडेल, आणि रडू आलं की बोलायची भाषा मात्र जाईल. जर्मन त्याला मित्रांकडून, वाचनालयातून मिळू दे.

शिकवणीचं नंतर बघू. आधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि अडतंय नेमकं कुठे ते विचारा : लिहिण्यात, वाचण्यात की तोंडी सहभागात? इथे हात वर करून बोलण्यालाही गुण असतात, आणि आपली मुलं "विचारल्याशिवाय बोलू नये" ऐकत वाढलेली. दिवसातून एकदा हात वर करायचा, उत्तर चुकलं तरी चालेल, एवढंच ठरवा. पोटदुखी थांबली नाही तर शाळेसाठी नेमलेल्या मानसतज्ज्ञांची वेळ घ्या. पैसे पडत नाहीत, बोलणं बाहेर जात नाही. आजोबांना कळवायलाच हवं असं नाही.

आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "किती टक्के पडले?" हे येणारच. उत्तर तुम्ही देऊ नका. फोन त्याच्या हातात द्या आणि जर्मनीत सूर्य तो की ती, हे त्याला आजीला विचारू दे.