शेजारच्या खुर्चीचा त्रास

प्रिय मुली,

मागच्या रांगेतल्या दोघांनी कुजबुजून तुझ्या मैफलीचा विचका केला, हे वाचलं. तुझा राग रास्त आहे. पण तुझ्या पत्रात त्या दोघांवर दीड पान आहे आणि वादनावर जेमतेम एक ओळ. ते गप्प होते तेव्हाही ‘आता परत सुरू करतील’ म्हणून तू कान मागेच लावून बसली होतीस, असं तूच लिहिलं आहेस. कुजबुजीपेक्षा जास्त वेळ खाल्ला तो या पहाऱ्याने.

म्हणून माझा एक साधा रिवाज सांगतो. काही करायचं तर सुरुवातीलाच करायचं, नाहीतर सोडून द्यायचं. पहिली रचना संपून टाळ्या पडत असताना मागे वळावं आणि हसून म्हणावं, “तुमचं बोलणं इथवर ऐकू येतंय हो.” पुष्कळ जण ओशाळतात, कारण आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. डोळे वटारणं टाळ. आणि ‘शूऽऽ’ तर मूळ कुजबुजीपेक्षा मोठा निघतो. तरीही फरक पडला नाही, तर मध्यंतरात स्वयंसेवकाला रांग आणि खुर्चीचा क्रमांक सांगून मोकळी हो.

त्रास देणारा दर वेळी उद्धट असतो असंही नाही. जानेवारी 2012 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद मालर या संगीतकाराची नववी सिंफनी वाजवत होता. अगदी शेवटच्या, विरत जाणाऱ्या भागात पुढच्या रांगेत आयफोन वाजू लागला आणि थांबेचना. संचालक ॲलन गिल्बर्टनी वाद्यवृंद थांबवला. ‘त्याला बाहेर काढा’ असा ओरडा झाला. नंतर कळलं की फोन नवाकोरा होता, त्या गृहस्थांनी तो मूक केलेलाही होता. फक्त मूक केलेल्या फोनमध्येही गजर वाजतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. (तू तुझा फोन बंदच करत जा.) एरवी अशा व्यत्ययाकडे दुर्लक्ष केलेलं बरं, दखल घेतल्याने कधीकधी जास्तच बिघडतं, असं गिल्बर्ट त्याच वेळी श्रोत्यांना म्हणाले होते. तसंच श्रवणयंत्राच्या बारीक शिट्टीचं. ज्याच्या कानात ते असतं, त्याला बहुधा तीच ऐकू येत नाही. अशा वेळी सोबतच्या माणसाला हळूच सांगावं.

काही आवाज मात्र ऐकण्यातूनच उठतात, आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. मोत्सार्टने 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेलं पत्र बघ. तिथे वाजलेल्या त्याच्या सिंफनीच्या पहिल्या भागातली एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ती लिहितानाच माहीत होतं, आणि टाळ्या पडल्याही, वादन चालू असताना. शेवटचा भाग त्याने मुद्दाम फक्त व्हायोलिनवर हळुवार सुरू केला. श्रोत्यांनी एकमेकांना ‘शू’ केलं, मग सगळा वाद्यवृंद एकदम गरजला आणि पुन्हा टाळ्या. स्वारी खूश! आपल्याकडे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद उठते तीही याच जातीची. सम यायच्या आत ‘क्या बात है’ म्हणणारे, किंवा खुर्चीच्या हातावर अंगठी आपटत चुकीचा ठेका धरणारे असतात खरे. वैताग येतो, पण निदान ते गाण्यात असतात. फोनचा पडदा वर धरून तासभर चित्रण करणाऱ्यापेक्षा मला ते परवडतात.

उरला खोकला. तो तुझा असेल तर गोळीचा कागद आधीच काढून ठेव आणि कोपरात खोक. दुसऱ्याचा असेल तर इलाज नाही. तेव्हा एखादा खालचा आवाज पकडावा. सिंफनीत चेलो किंवा डबल बास, ख्यालात तानपुऱ्याचा खर्ज नाहीतर तबल्याची मात्रा. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधीकधी पाऊण मिनिटाचं असतं. त्यात खोकल्याची उबळ आठव्या मात्रेला आली तरी पुढे चार मात्रा आहेत, सम अजून यायची आहे. मन असं कामाला लागलं की खोकला ऐकू येतो, पण टोचत नाही. हे लगेच जमत नाही. निम्मी मैफल तरी द्यावी लागते.

आणि जागा विचार करून घे. पुढच्या रांगांत डोळ्यांसमोर फोनचे पडदे येत नाहीत. सज्जात बसलीस तर खालचे सगळे चमकतात. दाराजवळ उशिरा येणाऱ्यांची वर्दळ असते. मध्यंतरात जागा बदलायलाही लाजू नकोस, अर्थात स्वयंसेवकाला विचारून. पियानोवादन असेल तर उजवीकडे बघ. वादकाचे हात दिसावेत म्हणून लोक डावीकडे गर्दी करतात. उजवीकडच्या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात आणि आवाज तिथेही छान पोचतो.

तुझा,
काका