राखीव खेळाडूचं काय करायचं?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. दोन वर्षं संध्याकाळी खो-खोला जातो. यंदा जिल्हा स्पर्धेला राखीव म्हणून नेलं, पण एकाही डावात उतरवलं नाही. तेव्हापासून घरात गप्प असतो, तरी मैदान सोडायला तयार नाही. हे म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी, आता खेळ पुरे. काय करावं?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, ‘मैदान सोडायला तयार नाही’ ही ओळ मी दोनदा वाचली. रुसलेलं पोर पहिल्या आठवड्यातच जायचं बंद करतं. तुमचा जातोय.

मी 31 वर्षं पीटी शिकवली. राखीव मुलींना बाटल्या भरायला लावायचे, गुण लिहायला बसवायचे. एकदा सातवीतली एक म्हणाली, “बाई, मी खेळाडू आहे की पाणीवाली?” दुसऱ्या दिवसापासून सरावातला शेवटचा डाव राखीव मुलींचा, असं ठरवलं. तुमच्याकडे असं काही आहे का, बघा.

एका संध्याकाळी कडेला उभ्या राहा. पाठीवर खो पडण्याआधीच पोरगा उठला, फाऊल झाला, की सर काय म्हणतात ते ऐका. ‘हात लागू दे, मग ऊठ’ म्हणाले तर शिकवणं चालू आहे. सगळ्यांसमोर अक्कल काढत असतील, तर तुमचा मुलगा घरी का बोलत नाही ते तिथेच कळेल.

यजमान म्हणतील, सगळेच कविता राऊत होत नाहीत. सावरपाड्याच्या त्या मुलीने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणलं, तेव्हापासून नाशकातले निम्मे बाप हेच ऐकवतात. पण तुमच्या पत्रात पदकाचा शब्दही नाही! जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. दहावीतही तेवढा वेळ ठेवा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि आठ तास झोप. मैदानाचा तास काढून घेतलात तर तो गणिताला मिळेलच असं नाही. आमच्या नातवाचा मोबाइलला गेला.

आणि सरांकडे तुम्ही जाऊ नका. त्यालाच पाठवा, एकच प्रश्न घेऊन : “सर, मी कशात कमी पडतो?” तुम्ही गेटबाहेर थांबा. सरांनी उडवून लावलं तर मला पुन्हा लिहा, दुसरं मैदान शोधायचं तेव्हा बघू.