तुमचे प्रश्न : कुणासारखं व्हायचं?

गेल्या महिन्यात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की आपण कुणाकडं बघून जगतो ते एकदा कागदावर लिहून काढा. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. वय 25, गाव भुदरगड तालुक्यात, सध्या कोल्हापुरात राजारामपुरीत रूम घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतोय. दोन अटेम्प्ट गेले. टेबलासमोरच्या भिंतीवर शाहू महाराज, खाशाबा जाधव आणि स्वप्नील कुसाळे असे तीन फोटो लावलेत. पहिल्या वर्षी सकाळी उठून बघितलं की अंगात जोर यायचा, आता बघितलं की लाज वाटते, वाटतं ही माणसं विचारतायत की तू काय केलंस. रूम पार्टनर म्हणतो काढून टाक. काढू का?

उत्तर : काढू नकोस रे. पण मला एक सांग, या तिघांतलं तुला नेमकं काय पाहिजे? तुझ्या पत्रात तिघांचंही फक्त शेवटचं पान दिसतंय, एक राजर्षी आणि दोन मेडलं. शेवटच्या पानाकडं बघत बसलं की कुणालाही लाज वाटेल, कारण तू अजून मधल्या पानावर आहेस आणि त्यांचं मधलं पान तू उघडलेलंच नाहीस.

खाशाबांचं घे. 1948 ला लंडनला गेले तेव्हा सहावे आले. तोवरची सगळी कुस्ती लाल मातीतली, तिथं मॅट, नियम वेगळे, समोरची माणसं वेगळी. त्यानंतर चार वर्षं राबले तेव्हा 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. आणि हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा आपल्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. मेडल घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून ते पैसे फेडले असंही सांगतात. आता यातलं तुझ्या हातात काय आहे? मेडल नाही, पण गावाकडनं दर महिन्याला जे पैसे येतात त्याचा हिशोब ठेवणं आणि ते कुणाचं तरी घर गहाण टाकून आल्यासारखं वापरणं हे आजच्या आज तुझ्या हातात आहे. खरं सांगू, या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त खर्डेकर सर भावतात. त्यांचा फोटो मी कुणाच्या रूमवर बघितला नाही. आणि आणखी एक, मेडल आणलेल्या या माणसानं पुढं 1955 ला फौजदार म्हणून पोलिसात नोकरी धरली, म्हणजे मेडलनंतरसुद्धा सकाळी उठून ड्युटीला जाणं होतंच, तू तर अजून 25 चा आहेस.

स्वप्नीलचं तर तुझ्या शेजारचंच गाव, राधानगरी तालुक्यातली कांबळवाडी. 2012 पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळतोय पण ऑलिम्पिकला पहिल्यांदा गेला ते 2024 ला, बारा वर्षांनी, आणि 1 ऑगस्टला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनला 451.4 मारून ब्राँझ घेऊन आला. तेव्हा त्याला विचारलं तुझा आदर्श कोण, तर त्यानं नेमबाजीतल्या कुणाचं नाव घेतलं नाही, धोनीचं घेतलं. मैदानावर तो जसा शांत असतो, धीर धरून असतो, तसंच मला माझ्या खेळात लागतं, आणि मीही त्याच्यासारखा रेल्वेत टीसी आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. हे मला फार आवडलं. त्याला धोनीची बॅटिंग घेऊन काय करायची होती? त्यानं स्वतःला कुठं अडतं ते ओळखलं आणि तेवढाच गुण उचलला, तोही दुसऱ्याच खेळातनं. तुझं कुठं अडतं ते पत्रात नाहीये. पेपरात शेवटच्या अर्ध्या तासात घाई होते? अभ्यासाला बसलास की तासाभरात मोबाईल हातात येतो? तिसऱ्या अटेम्प्टला घरी काय सांगायचं याची भीती? ते आधी शोध, मग भिंतीवर कोण पाहिजे ते आपोआप ठरेल.

शाहू महाराजांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं त्यांचा फोटो प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक शाळेत असतो आणि सारखा दिसणारा फोटो हळूहळू दिसेनासा होतो. 26 जुलै 1902 ला त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखीव ठेवायचा आदेश काढला तेव्हा त्यांचं वय 28 होतं, तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. तसा आदेश तू काढू शकत नाहीस, मीही नाही. पण गंगाराम कांबळेंची गोष्ट बघ. महाराजांच्या पागेतला हा माणूस, सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल निघालं. लोक येईनात, अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार. मग महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. छत्रपतीच पितायत म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. कायदा करायची ताकद ज्याच्या हातात होती तो माणूस रस्त्यावर उभा राहून कपातनं चहा पीत होता, सगळ्यांना दिसेल असा. हे तुला जमण्यासारखं आहे. तुझ्या अभ्यासिकेत कुणी तरी असेलच ज्याच्या डब्याला बाकीची पोरं हात लावत नाहीत, किंवा ज्याला चहाला चल म्हणत नाहीत. त्याच्याबरोबर चहाला जा. सगळ्यांसमोर जा.

आणि आज रात्री एक कर, प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी चिकटव, त्यात त्या माणसाचं एकच काम लिही जे तू या आठवड्यात करू शकतोस. ज्या फोटोखाली लिहायला काहीच सुचणार नाही तो खुशाल काढून ठेव, त्याच्याबद्दल अजून वाचायचंय एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. टीव्हीवरच्या मालिकेमुळं त्याला कर्णाचं भयंकर वेड लागलंय, मोबाईलच्या वॉलपेपरपासून वहीच्या कव्हरपर्यंत कर्णच. मागच्या महिन्यात मित्रासाठी म्हणून त्यानं शाळेत एका पोराला मारलं आणि वर मला सांगतो, कर्णानं दुर्योधनाची साथ सोडली नव्हती. अशा गोष्टीतल्या पात्रांपेक्षा त्याच्यासमोर खऱ्या थोर माणसांचे आदर्श ठेवावेत का? (कसबा बावडा)

उत्तर : ताई, कर्ण काढून घेऊ नका त्याच्याकडनं. गोष्टीतल्या माणसाचा एक मोठा फायदा असतो, तो आतनंही दिसतो. खऱ्या माणसाच्या मनात रात्री काय चाललं होतं ते आपल्याला कुठं कळतं, कर्णाचं कळतं. अडचण एवढीच की तुमच्या पोराला मालिकेतला अर्धा कर्ण मिळालाय, त्याला पुरा द्या.

द्यूतसभेचा दिवस त्याला वाचून दाखवा, तुम्ही स्वतः शेजारी बसून. भीष्म धर्माचा प्रश्न सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळतात, द्रोण गप्प आहेत, आणि एक जण उठतो, विकर्ण, दुर्योधनाचाच सख्खा धाकटा भाऊ. तो सगळ्यांसमोर म्हणतो की हे चुकतंय, द्रौपदीला असं पणाला लावता येत नाही. आणि त्याला गप्प कोण बसवतं? कर्ण. तू लहान आहेस, तुला कळत नाही म्हणून झापतो, आणि द्रौपदीची वस्त्रं काढा हेही तोच म्हणतो. इथं वाचायचं थांबा आणि पोराला विचारा, त्या सभेत तू असतास तर कुठं बसला असतास? उत्तर लगेच मागू नका, त्याला दोन दिवस घेऊ द्या.

मग पुढचंही वाचा. युद्धाच्या आधी कृष्ण कर्णाला भेटतो तेव्हा कर्ण स्वतःच कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे टोचून बोललो त्याचा मला आता पश्चात्ताप होतो. म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा लेक मारामारी करून आला, त्या कर्णालाच दोस्तासाठी केलेलं सगळं बरोबर वाटत नव्हतं. विकर्ण तरी युद्धात कौरवांकडनंच लढला आणि भीमाच्या हातनं मेला, त्याला मारल्यावर भीमालाही वाईट वाटलं. भावाची साथ सोडली नाही आणि भाऊ चुकला तेव्हा तोंडावर सांगितलंही, अशी दोस्ती पण असते हे तेरा वर्षांच्या पोराला चांगलं कळतं, मी एकतीस वर्षं याच वयाची पोरं शिकवलीत.

आणि ज्या पोराला त्यानं मारलं त्याच्या घरी त्याला घेऊन जा. हे पहिल्यांदा करा, वाचन नंतर.

प्रश्न : मी लहानपणापासून ज्या तालमीत वाढलो तिथल्या वस्तादांच्या पायावर रोज डोकं ठेवलं. आता कळलं की स्पर्धेला न्यायच्या नावाखाली त्यांनी गरीब पोरांच्या आईबापांकडनं पैसे घेतले आणि स्पर्धेला नेलंच नाही. माझं सगळं आयुष्य त्यांच्या शब्दावर उभं आहे. आता कुणावर विश्वास ठेवायचा? (वय 34)

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरातलं माणूस गेल्यासारखं झालं असणार तुम्हाला.

आपण नरसोबाच्या वाडीला जातो, दत्तासमोर हात जोडतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, आपली परंपरा त्यालाच दत्त मानते. त्या चोवीसांत पृथ्वी आहे, सूर्य आहे, मधमाशी आहे, बाण घडवणारा कारागीर आहे जो कामात इतका बुडालाय की शेजारनं राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळलं नाही. पण त्याच यादीत पिल्लांच्या मायेनं स्वतःहून जाळ्यात पडलेला कबूतरही आहे, गळाच्या आमिषाला भुललेला मासा आहे, गाण्याला भुलून सापडलेलं हरीण आहे. त्यांच्याकडनं काय करायचं नाही ते घेतलं, आणि तरी त्यांनाही गुरूच म्हटलं. वस्तादांनी शिकवलेला धोबीपछाड खोटा होता का? पहाटे चारला उठायची सवय खोटी होती का? ते तुमच्या अंगात मुरलंय, ते आता तुमचं आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. आणि शेवटी त्यांनी जे केलं तोही धडाच, पोरांच्या आईबापाच्या पैशापाशी माणूस कसा घसरतो याचा.

पण एवढ्यावर थांबू नका. ज्यांचे पैसे गेलेत त्या घरांना तुम्ही ओळखता. दोघं-चौघं मिळून वस्तादांकडं जा, हिशोब मागा, पैसे परत मागा. तुम्ही गप्प बसलात तर आता तालमीत येणारी बारकी पोरं तुमच्याकडं बघून गप्प बसायला शिकतील, कारण त्यांच्यासाठी तुम्हीच मोठे आहात.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांना सांगता, तुमचा आदर्श कोण ते कधी लिहीत नाही.

उत्तर : मंगळवार पेठेत आमच्या घराशेजारी एक काकू डंक, म्हणजे मिरची कुटायचं मशीन, चालवायच्या. एप्रिल-मे आला की त्यांच्या दारात चटणीसाठी रांग, कुणाची ब्याडगी, कुणाची संकेश्वरी, बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या, आम्हा पोरींना ठसका लागायचा तरी आम्ही तिथंच घुटमळायचो. डंकात एकीची चटणी कुटून झाली की उखळाच्या कडेला, कोपऱ्यात थोडी राहतेच, फार तर दोन चमचे. घाईत कोण बघतंय, ती पुढच्या बाईच्या मिरचीत मिसळून जायची. काकू प्रत्येक वेळी मशीन बंद करायच्या, कुंचा घ्यायच्या आणि ती दोन चमचे चटणी झाडून ज्या बाईची तिच्या डब्यात घालायच्या, मगच पुढचा नंबर. रांगेतल्या बायका कुरकुरायच्या, काकू आटपा की. एकदा मी विचारलं, काकू एवढ्याशा चटणीनं काय होतंय? त्या म्हणाल्या, हिच्यात लसूण जास्त आहे, पुढचीच्या घरात लसूण खात नाहीत.

शाळेत पेपर तपासताना शेवटचे दहा गठ्ठे राहिले की डोळे मिटायला लागायचे, रात्रीचे बारा वाजलेले असायचे, वाटायचं आता सरासरी बघून मार्क देऊन टाकावेत. तेव्हा मला कुठला मोठा माणूस आठवला नाही, तो कुंचा आठवायचा. मग उठायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि पुढचा पेपर पहिल्या प्रश्नापासनं वाचायला घ्यायचे.