पाच दिवसांत त्सो कार आणि त्सो मोरिरी: मालवणहून निघणाऱ्या कुटुंबासाठी

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्लीमार्गे लेहला उतरायचे, दुसऱ्याच सकाळी गाडी करून लडाखमधल्या त्सो कार सरोवराकाठी मुक्कामाला जायचे, पुढे त्सो मोरिरी हे दुसरे सरोवर पाहून पाचव्या दिवशी परतीचे विमान पकडायचे, हा तुमचा बेत वाचला आणि 2019 च्या सप्टेंबरमधला आमचाच कागद पुन्हा हातात आल्यासारखे वाटले. आम्ही दाबोळीहून निघालो होतो, एवढाच फरक. सहा जणांसाठी ऑक्सिजनचे किती डबे न्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो, कारण अडचण डब्यांच्या संख्येत नसून दुसऱ्या दिवसाच्या मुक्कामात आहे. परवाने, कपडे, हॉटेले यांविषयी इथे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते सोडून देतो.

आमचा कार्यक्रम ज्या बुकिंग कार्यालयाने आखला, तिथे मी उंचीविषयी दोनदा विचारले होते. "तुम्हाला डोंगर चढायचा नाही, गाडीतच तर बसायचे आहे," हे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. माझी सर्वांत मोठी चूक तीच. पायी चालणारा निदान हळूहळू वर जातो. गाडी मात्र शरीराला सवय व्हायच्या आत काही तासांत हजार मीटर वर नेऊन ठेवते. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि त्सो कार 4,500 मीटरच्याही वर, जिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या 60 टक्क्यांहूनही कमी असतो. आपण किनाऱ्यावरची माणसे शून्यातून निघतो, हे त्या कार्यालयाने लक्षात घ्यायला हवे होते, आणि आम्हीही.

त्सो कार प्रथम पाहिले तेव्हा शिरोड्याची मिठागरे आठवली. आमचे घर तिथून जवळच आहे, त्यामुळे काठावरचा तो पांढरा थर पाहून आम्ही सगळे हरखलो. (त्या थरावर गाडी घालू नका. खाली दलदल असते, आणि त्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात.) संध्याकाळी थोरल्या दादांचे डोके दुखू लागले आणि दोन उलट्या झाल्या. दादा आंब्याच्या बागेत दिवसभर राबणारे, आमच्यात सर्वांत काटक; म्हणून आम्ही सर्वांनी ते पित्त समजून घेतले. वहिनींनी सोबत आणलेले कोकमाचे आगळ पाण्यात घालून दिले, आणि झोप लागावी म्हणून मी स्वतः त्यांना झोपेची गोळी दिली. काटकपणामुळे विरळ हवेचा त्रास टळत नाही आणि अशा उंचीवर झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंदावू शकतो, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. त्या गोळीची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

रात्री दोनच्या सुमारास दादा बाहेर जायला उठले आणि त्यांचा तोल जाऊ लागला. आमच्या लडाखी चालकाने त्यांना टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालायला सांगितले. त्यांना चार पावलेही जमली नाहीत. चालकाने कोणाचा सल्ला न घेता गाडी सुरू केली. त्सो कारचे खोरे खोलगट आहे, तिथून खाली यायचे तर आधी वर चढावे लागते: लेहच्या बाजूला 5,300 मीटरहून उंच तांगलांग ला ही खिंड, आणि त्सो मोरिरीकडच्या पुगाच्या बाजूला सुमारे 4,900 मीटरची पोलोकोंका ला ही खिंड. आजारी माणसाला घेऊन तांगलांग ला ओलांडण्याची ती वेळ कोणावरही येऊ नये, असे मी म्हणेन. लेहच्या रुग्णालयात दादांना दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवले आणि ते पूर्ण बरे झाले.

मी डॉक्टर नाही, तरी माझे मत ठाम आहे. लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस काहीही न करता काढा. नंतर सिंधूच्या काठाने चुमाथांगला जा. ते साधारण 4,000 मीटरवर आहे, तिथे एक रात्र राहा. तिसऱ्या मुक्कामासाठी त्सो मोरिरीकाठचे कोरझोक ठेवा आणि त्सो कार परतीच्या वाटेवर दिवसाउजेडी पाहून त्याच दिवशी लेहला उतरा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, हा नियम या क्रमाने जवळजवळ पाळला जातो. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबाबत निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा; कोणाला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. तुमच्या आईंना रक्तदाबाचा त्रास असल्याचे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्यांची तपासणी आधी करून घ्या. आणखी एक: आपले प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.

डबे दोन-तीन घ्या, पण त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. डोकेदुखी आणि उलटी थांबत नसेल तर वर जाऊ नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. पाचाचे सात दिवस होणारच नसतील, तर दोन्ही सरोवरे वगळा आणि सिंधूच्या प्रवाहाबरोबर खाली आल्चीला जा. ते लेहहून चारेकशे मीटर खाली आहे आणि तिथला जुना बौद्ध मठ तुमच्या आईंनाही निवांतपणे पाहता येईल.