झांबेझीच्या उगमाकडे हेलिकॉप्टरने जाताय? अंगोलाचा पट्टा विसरू नका

झांबियातल्या लिव्हिंगस्टन शहराहून झांबेझी नदीच्या काठाकाठाने थेट उगमापर्यंत पाच दिवसांची हेलिकॉप्टर सफारी, आणि "परवानग्यांचं आम्ही बघतो" हे कंपनीचं आश्वासन. निघण्याआधी काय बघावं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मलाही अगदी हेच सांगितलं होतं.

मलेरियाच्या गोळ्या, मऊ बॅगा, वजनाची मर्यादा हे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

नकाशा नीट बघा. उगम झांबियातच आहे, वायव्य कोपऱ्यात कालेने टेकड्यांजवळ. पण तिथून निघालेली नदी अंगोलात शिरते आणि चावुमा या सीमेवरच्या गावाजवळ परत झांबियात येते. म्हणजे तुम्ही खालून वर जाताना मधला मोठा पट्टा दुसऱ्या देशाचा. मी अंगोलाचा व्हिसा काढून निर्धास्त होतो. व्हिसा माणसाचा असतो हो! हेलिकॉप्टरला हद्द ओलांडायला वेगळी परवानगी लागते. ती ज्या कार्यालयातून यायची होती, तिथून सहा आठवडे "काम चालू आहे" एवढंच उत्तर येत होतं, आणि हे मला कळलं चावुमाला पोहोचल्यावर.

तिथे नदीकाठच्या वाळूवर उतरलो. पायलटने टॅबवरची सीमारेषा बोटाने दाखवली आणि नुसती मान हलवली. समोर नदी झाडीत वळून उत्तरेला गेलेली दिसत होती. मग झांबियाच्या हद्दीतून पूर्वेकडून वळसा. नदी सुटली, खाली नुसतं जंगल. वळशाचे तास माझ्या बिलात, हेलिकॉप्टरच्या रिकाम्या परतीचेही. ज्या पट्ट्यासाठी इतकी वर्षं पैसे साठवले तो पाहिलाच नाही. अजून लागतं मनाला.

म्हणून परवानगीचा कागद स्वतः बघितल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. त्यावर तारखा हव्यात आणि तुमच्याच हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक हवा (झांबियाचा असेल तर 9जे-ने सुरू होतो). इंधनाचंही विचारा. रॉबिन्सन आर-44 या छोट्या हेलिकॉप्टरला एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लागतं, टर्बाइनवाल्याला जेट ए-1 (रॉकेलच्या जातीचं इंधन). आमची पिंपं आधीच ट्रकने वर पाठवली होती.

माझं मत विचाराल तर परवानगी अधांतरी असेल तेव्हा चावुमापर्यंतच उडा आणि वाचलेले तास झांबियातल्याच मोंगू शहराजवळच्या बारोत्से पूरमैदानावर घाला. एप्रिल-मेमध्ये तिथे क्षितिजापर्यंत पाणी असतं, उंचवट्यांवर झोपड्या आणि मधून सरकणाऱ्या डोंग्या. लिव्हिंगस्टनजवळचा व्हिक्टोरिया धबधबा मात्र त्या दिवसांत तुषारांआड जातो, हे धरून चला.

मी काही जाणकार नाही, एकदाच गेलोय. नियम बदलतात, दूतावासाकडून खात्री करून घ्या. पण अंगोलात नुसतं इंधनासाठी उतरलात तरी भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं. लस किमान 10 दिवस आधी घ्या, नाहीतर विलगीकरण.

उगमाशी आम्ही राखीव जंगलाबाहेर उतरून पायवाटेने गेलो. झाडांच्या मुळांमधून पाणी झिरपत होतं, त्यावर कुजकी पानं. मी वाकून पानं बाजूला केली. ओंजळ भरायला बराच वेळ लागला.