तलवार आणि मानपान : वाचकांचे प्रश्न

एलन कुशनर यांच्या ‘द प्रिव्हिलेज ऑफ द स्वोर्ड’ (२००६) या कादंबरीची शिफारस या सदरात केली होती. पंधरा वर्षांची कॅथरीन, तिचा विक्षिप्त सरदार मामा आणि त्याची अट: सहा महिने घरी पत्र लिहायचं नाही, पुरुषी कपडे घालायचे, तलवार शिकायची, त्या बदल्यात मामा तिच्या घरामागचा पैशाचा ससेमिरा थांबवणार. त्यावर आलेले हे प्रश्न.

प्रश्न : शंभर पानं झाली. जादू नाही, चेटूक नाही, ड्रॅगन तर नाहीच. मग ही फँटसी कशी?

जादू पुढेही येत नाही, वाट पाहू नका. इथे काल्पनिक आहे ते शहर आणि तिथला रिवाज. राजेशाही कधीच संपलीय, सत्ता सरदारांकडे आहे. हे सरदार आपापसातलं वैर सहसा पदरी ठेवलेल्या किंवा भाड्याने आणलेल्या तलवारबाजाकरवी मिटवतात. रीतसर आव्हान देऊन मारलं तर तो खून ठरत नाही. बाकी सगळं मानपान: आमंत्रण कुणाला गेलं, चॉकलेट प्यायला कोण कुणाकडे उतरलं, कुणी कुणाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मेजवानीचा प्रसंग आला की वेग कमी करा आणि दोन गोष्टी टिपा. इथे कुणाला काय हवंय? आणि ते त्याला उघड का मागता येत नाही? संवाद भराभर उरकले तर पुस्तक नुसत्या गप्पांचं वाटतं, कारण अर्धं कारस्थान त्या गोड बोलण्यातच शिजतं.

प्रश्न : नायिका तलवार मिळूनही झग्यांसाठी हळहळते. फार चिडचिड होते.

होऊ द्या. ती बंडखोर म्हणून शहरात आलेलीच नाही. नाच, रेशमी कपडे आणि जमलं तर चांगलं स्थळ, एवढीच तिची स्वप्नं. शिवाय हे वेषांतर नव्हे. ‘संगीत मानापमान’मध्ये (१९११) भामिनी वनमाला होते, तेव्हा खरी ओळख लपलेली असते म्हणून गंमत येते. इथे मुलीने पुरुषी कपडे घातलेत हे सगळ्यांना दिसतं आणि त्याची लाज तिला एकटीला सोसावी लागते.

तिचं बदलणंही भाषणांतून येत नाही. पवित्रा, पावलं, खांदे कुठे ठेवायचे, हे आधी अंगात मुरतं, विचार मागून येतात. गावाकडच्या वाड्यावरचा भाग संथ आहे, तिथे कंटाळून पुस्तक मिटू नका. दुसरा गुरू तिथेच भेटतो. तो कोण, हे आम्ही सांगणार नाही.

प्रश्न : द्वंद्वाचे प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत.

आपल्या डोळ्यांना दांडपट्ट्याची सवय. त्यात मनगट खोबणीत बंद असतं, त्यामुळे वार खांद्यातून फिरून येतो. इथली तलवार मुख्यतः टोकाने लढते आणि तिची सगळी कारागिरी बोटं, मनगट आणि अंतर यांत असते. आजच्या तलवारबाजीच्या (फेन्सिंग) खेळातलं जवळचं हत्यार म्हणजे एपी: पातं ९० सेंटिमीटर, एकूण लांबी जास्तीत जास्त ११०, वजन ७७० ग्रॅमच्या आत. त्यात सर्वांगावर वार चालतो आणि गुण फक्त टोकाला मिळतो. भारताची तलवारबाज भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली ते सेबर, म्हणजे त्याच खेळातलं दुसरं हत्यार. त्यात धारेचे वारही धरतात, म्हणून तो सामना पाहून या कादंबरीचा अंदाज येणार नाही.

घरी एवढं करून पाहा. दोघांनी वर्तमानपत्राच्या लांब सुरळ्या घ्या (पट्ट्या नकोत, डोळ्यांना धोका) आणि हात ताणून टोक समोरच्याच्या छातीला जेमतेम टेकेल असे उभे राहा. आता दोघांनी अर्धं पाऊल मागे. या अंतरावरून पुढे झेप घेतल्याशिवाय कुणीच कुणाला लागत नाही. एकदा आधी हात लांबवून मग पाय टाका, एकदा आधी पाय आणि मग हात. दुसऱ्या वेळी तुमची छाती आपणहून समोरच्याच्या टोकावर जाते. नवखा मरतो तो बहुधा असाच. मग द्वंद्व वाचताना अंतर कोण राखतंय आणि कोण मोडतंय एवढंच पाहा, वारांची नावं कळली नाहीत तरी चालतं.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीला वाचायला द्यावी का?

आमच्या मते थांबा. नायिकेच्या वयावर जाऊ नका. पुस्तक प्रौढांचं आहे. मामाच्या घरी दारू, नशा, स्त्री-पुरुष आणि पुरुष-पुरुष संबंध सगळं मोकळेपणाने येतं. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कॅथरीनच्या आर्टेमिसिया या मैत्रिणीवर तिच्याच वाग्दत्त वराने केलेला अत्याचार. तिच्या घरच्यांना काळजी पडते ती लग्न मोडण्याची. झालं ते झालं, आता गप्प बस आणि बोहल्यावर उभी राहा, असा सगळा सूर. हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. तिच्या बाजूने आव्हान द्यायला एकही पुरुष पुढे येत नाही, तेव्हा कॅथरीन येते. तोवर मामाची लहर वाटणारी तलवार इथे पहिल्यांदा कामाची ठरते.

पंधरा-सोळाव्या वर्षी द्या, पण आधी स्वतः वाचा. तो प्रसंग येतो हे मुलीला आधीच सांगून ठेवा. त्याने कथेची गंमत जात नाही.

प्रश्न : मालिकेतली आधीची पुस्तकं वाचायलाच हवीत का?

नाही. ‘स्वोर्ड्सपॉइंट’ १९८७ची आहे आणि त्यात हाच मामा तरुणपणी भेटतो. ती नंतर वाचली तर त्यात शेवटी कोण जगलं हे आधीच कळलेलं असेल, एवढाच तोटा. ‘द फॉल ऑफ द किंग्ज’ (२००२, डेलिया शर्मन यांच्यासोबत) प्रकाशित आधी झाली, पण तिचा काळ बराच पुढचा. ती शेवटी ठेवा.

प्रश्न : नावांचा गोंधळ होतो. एकाच माणसाची तीन नावं!

शेवटच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: जवळचे काय म्हणतात, पदवी काय, वैर कुणाशी. मामापासून सुरुवात करा, कारण सर्वांत जास्त नावं त्याचीच. निवेदनातही एक खूण आहे. ‘मी’ आलं की बोलणारी कॅथरीन. इतरांची प्रकरणं तृतीयपुरुषी असतात आणि तिला ठाऊक नसलेल्या गोष्टी तिथेच कळतात.