वाचकांचे प्रश्न : कॉफीचे कप नव्हे, चमचे मोजा

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. दिवसाला पाच मग इन्स्टंट कॉफी होते, शेवटचा रात्री दहाला. बाराला आडवा झालो तरी दोन-दोन तास झोप येत नाही. मी भरपूर दूध घालतो, मग कॉफी सौम्य होत नाही का? आणि दिवसाला किती चालते? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : दुधाने कडवटपणा कमी लागतो, झोप उडवणारं कॅफीन तेवढंच राहतं. मगात पावडर किती पडली, एवढ्यावरच सगळं ठरतं. इन्स्टंट पावडरीत साधारण तीन टक्के कॅफीन असतं. सपाट चमचा म्हणजे जवळपास २ ग्रॅम, त्यात ६० मिलिग्रॅम. घाईत शिगोशीग भरलेला चमचा सहज ३ ग्रॅमचा होतो आणि आकडा ९० वर जातो. असे पाच मग झाले की ४५० मिलिग्रॅम.

निरोगी प्रौढ माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, एका वेळी २०० च्या वर घेऊ नये, असं युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत ३०० ची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे कॉफीच्या जोडीला दिवसभर चहाही चालू असतो, म्हणून ३०० चाच आकडा धरा.

झोपेचं गणित वेगळं. रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. दहाला घेतलेल्या ९० पैकी ४५ पहाटे तीनला अंगात असतंच, शिवाय दुपारच्या मगांचं उरलेलं. दिवसभराच्या जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि त्याने पेंग येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. म्हणून शेवटचा मग दुपारी चारच्या आत घ्या.

पण एकदम बंद करू नका. १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, आणि माणूस पुन्हा मगाकडे वळतो. आधी चमचा सपाट करा. चार दिवसांनी रात्रीचा मग काढा, आणखी चार दिवसांनी संध्याकाळचा. मधे डोकं दुखलंच तर गोळीच्या पाकिटावरचे घटक वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं.

प्रश्न : आम्ही दळून आणलेल्या पावडरीची फिल्टर कॉफी पितो, चिकोरी ३० टक्के. ती इन्स्टंटपेक्षा कडक असते का? (सातारा)

उत्तर : चिकोरी ही भाजलेली मुळं, त्यात कॅफीन नसतं. कपाला १० ग्रॅम पावडर धरली तर खरी कॉफी ७ ग्रॅम. बी अरेबिका जातीचं असेल तर त्यात कॅफीन सुमारे सव्वा टक्का, म्हणजे ८५ मिलिग्रॅमच्या आसपास. रोबस्टा जातीच्या बीत जवळपास दुप्पट. त्यामुळे दुकानात नुसतं चिकोरीचं प्रमाण विचारून भागत नाही, बी कोणतं तेही विचारा. गडद रंगावर जाऊ नका, तो चिकोरीचाही असतो.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. तीन वेळा चहा आणि एकदा कॉफी होते. चालेल ना? (वाई)

उत्तर : गरोदरपणात मर्यादा २०० मिलिग्रॅमची. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ असतं. भुकटी जास्त, उकळी जास्त, तर आकडा वरचा. तीन कडक चहा म्हणजे १९५, त्यावर सपाट चमच्याची कॉफी, की मर्यादा ओलांडलीच. चहा एकदाच ठेवा, कॉफी एकदा. पुढच्या महिन्यांत शरीर कॅफीन फार सावकाश बाहेर टाकतं, निम्मं व्हायला पंधरा तासही लागू शकतात. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर कधीच घेऊ नका, आधी-नंतर किमान एक तास जाऊ द्या, नाहीतर त्यातलं लोह अंगी लागत नाही. जेवणालाही हाच नियम.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळच्या कॉफीबरोबर घेतली तर? (मिरज)

उत्तर : गोळी नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि कॉफी तासाभराने. आजवर बरोबरच घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. सवय बदलल्यावर तोच डोस जास्त ठरू शकतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) पुन्हा तपासून घ्या.